बाळंतपण एकटीचे नव्हे

उचगावाच्या शिवारात मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी एकही शेतकरी हात बांधून बसलेला दिसणार नाही. बियाणे निवडून ठेवलेले असते, तरव्याची जागा नांगरून तयार असते, फुटलेले बांध घातलेले असतात आणि लावणीला कोणाकोणाची माणसे येणार ह्याचे बोलणेही आधीच होऊन गेलेले असते. घरात लग्न ठरले म्हणजे तर विचारूच नये. वर्षभर आधी याद्या होतात, पैशाची जुळवाजुळव होते, कोणी मांडव पाहावा व कोणी पंगत पाहावी ह्याची वाटणी होते. ह्या दोन्ही तयारींत एक गोष्ट सारखी आहे. ती कोणी एकटा करीत नाही. सारे घर करते, आणि घर अपुरे पडले तर शेजार धावून येतो.

आता त्याच घरातील सुनेला दिवस गेले म्हणजे काय होते ते पाहावे. आनंद होतो, ह्यात शंका नाही. सातव्या महिन्यात हिरवी साडी येते, ओटी भरली जाते, डोहाळे पुरविले जातात. परंतु तिचा रक्तगट कोणता, हे घरातील किती पुरुषांस सांगता येईल? तिच्या अंगात रक्त किती आहे, मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर कोणाची गाडी निघणार, दवाखान्यात तिच्यासोबत कोण राहणार, घरी परतल्यावर पहिल्या सव्वा महिन्यात रात्री बाळाजवळ कोण जागणार, ह्या प्रश्नांची उत्तरे बहुतेक घरांत वेळ आली म्हणजेच शोधली जातात. जी तयारी आपण भातासाठी करतो आणि मांडवासाठी करतो, ती माणसाच्या जन्मासाठी मात्र करीत नाही.

बाळंतपण हे एकट्या स्त्रीचे काम नव्हे, ते घराचे काम आहे, आणि त्या घरात पतीचा वाटा सर्वांत पहिला आहे, एवढेच आज आम्हांस आमच्या वाचक कुटुंबांपुढे मांडावयाचे आहे.

जुन्या चालीतील मर्म

आमच्या आज्यापणज्यांना हे मर्म ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जावयाचे, अनुभवी सुईणीने शेवटच्या महिन्यांत येऊनजाऊन राहावयाचे, प्रसूतीनंतर सव्वा महिना बाळंतिणीने चुलीकडे पाहावयाचे नाही, तिला तेल लावून न्हाऊ घालावयाचे, डिंकाचे लाडू व अळिवाची खीर द्यावयाची, ह्या साऱ्या रीती कोणी विनाकारण पाडल्या नाहीत. घाबरलेल्या मुलीस ओळखीच्या माणसांची सोबत मिळावी आणि थकलेल्या शरीरास विसावा मिळावा, हा त्यांचा हेतू होता. प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत मातेस विशेष जपावे, असे आजचे डॉक्टर सांगतात. आपला सव्वा महिनाही जवळजवळ तेवढाच भरतो.

शुभवर्तमानातही ह्या सोबतीचे चित्र आहे. उतारवयात गर्भवती झालेल्या अलीशिबेकडे पवित्र मरिया डोंगराळ मुलुखातून घाईने गेली आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली, असे संत लूक सांगतो. ती स्वतः नुकतीच गर्भवती होती. ह्या भेटीचा धार्मिक अर्थ फार मोठा आहे आणि तो आपण प्रवचनांतून ऐकतोच. परंतु एक गरोदर स्त्री दुसरीच्या सोबतीस गेली, ही त्यातील साधी घरगुती बाजूही विसरण्याजोगी नाही.

मात्र जुन्या रीतीत दोन उणिवा होत्या. रक्त थांबले नाही, मूल आडवे आले किंवा झटके आले, तर सुईणीच्या हाती उपाय नसे. आणि दुसरी उणीव ही की, त्या साऱ्या व्यवस्थेत पतीला कोठेच स्थान नव्हते. बायकोला माहेरी पोहोचवून तो परत येई आणि बारशाला पेढ्यांचा पुडा घेऊन पाहुण्यासारखा जाई. पहिली उणीव दवाखान्यांनी बरीचशी भरून काढली आहे. दुसरी मात्र अजून तशीच आहे. शिवाय दवाखान्यात जाताना आपण एक चांगली गोष्ट उंबऱ्यावरच ठेवून गेलो, ती म्हणजे सोबत.

भीती आणि वेणा

इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड ह्यांनी १९३३ मध्ये ह्या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, भीतीने शरीर आवळते, आवळलेल्या शरीरात वेदना वाढते, आणि वाढलेली वेदना पाहून भीती आणखी वाढते. हे चक्र तोडावयाचे असेल तर प्रसूतीत काय घडते हे स्त्रीला आधी नीट समजावून सांगितले पाहिजे व अंग सैल सोडण्याची तिला सवय लावली पाहिजे. पुढे १९५१ मध्ये फ्रान्सचे डॉ. फर्नां लामाझ ह्यांनी रशियात अशाच प्रकारची पद्धत पाहिली आणि ती पॅरिसमध्ये सुरू केली. श्वासावर लक्ष ठेवणे, कळ येताच अंग न आखडणे आणि शेजारी धीर देणारे माणूस असणे, ही त्या पद्धतीची मुख्य अंगे होत.

वेणा ही हव्वेला मिळालेली शिक्षा आहे, ती हलकी करू पाहणे हे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, अशी शंका त्या काळी काही भाविकांच्या मनात होती. पोप बारावे पायस ह्यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात ह्या शंकेचे स्पष्ट निरसन केले. प्रसूती सुलभ व कमी वेदनेची करणारे उपाय योजण्यास देवाने मातांना मनाई केलेली नाही आणि ही नवी पद्धत नीतीच्या दृष्टीने आक्षेपार्ह नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्यापूर्वी २९ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी इटलीतील कॅथलिक सुईणींपुढे भाषण केले होते. मातेची प्रसूती हा ख्रिस्तसभेने आस्थेने पाहण्याचा विषय आहे, हे ह्यावरून दिसून येईल. तेव्हा एखाद्या वडीलधाऱ्या बाईने कळा देणाऱ्या मुलीला “सोस, सगळ्यांनीच सोसले आहे” एवढेच म्हणून गप्प करू नये. तिचा हात धरावा, कमर चोळून द्यावी, दोन कळांच्या मधल्या वेळात तिला घोटभर पाणी द्यावे.

ह्या सोबतीचा उपयोग नुसता मनाच्या समाधानापुरता नाही. १७ देशांत झालेल्या २६ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत १५,००० हून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांच्याजवळ प्रसूतीच्या वेळी सतत कोणीतरी धीर देणारे होते, त्यांच्या कळांचा काळ कमी झाला, त्यांची नैसर्गिक प्रसूती होण्याचे प्रमाण वाढले आणि पोट चिरण्याचे प्रमाण घटले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीस आत राहू देण्यास संमती दिली. ज्या खोलीत अनेक स्त्रियांची एकत्र प्रसूती होते तेथे पुरुषास प्रवेश मिळणे कठीण असते. तेथे आई, सासू, बहीण किंवा स्वतः बाळंतपण अनुभवलेली एखादी शेजारीण जाऊ शकते. ती कोण, हे आधीच ठरवावे. तपासणीच्या वेळी तिलाही एकदा सोबत न्यावे, म्हणजे तेथील नर्सबाईंची ओळख होते व नियम विचारून घेता येतात.

गरोदर स्त्रीने रोज थोडे चालावे, सायंकाळी दहा मिनिटे शांत बसून सावकाश खोल श्वास घेण्याचा सराव करावा. कळा सुरू झाल्यावर सारा वेळ उताणे पडून राहण्याची गरज नसते. डॉक्टरांची हरकत नसेल तर चालावे, भिंतीला टेकून उभे राहावे, कुशीवर निजावे. त्या वेळी बाहेर बसलेल्या माणसांनी घड्याळाकडे पाहून नर्सबाईंच्या मागे “अजून किती वेळ” असा लकडा लावू नये. पहिल्या खेपेस बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागणे हे अस्वाभाविक नव्हे.

रक्ताचा प्रश्न

मनाची तयारी झाली तरी शरीराची तयारी सुटत नाही. आणि आपल्या भागात शरीराच्या तयारीतील पहिला शब्द रक्त हा आहे.

२०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभर गरोदर स्त्रियांपैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले म्हणजे गरोदर स्त्रीस रक्त कमी आहे असे समजतात. ७ च्या खाली गेले तर ती स्थिती गंभीर होय. अशा स्त्रीचा थोडासा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो. कारण निरोगी शरीर जेवढे रक्त गमावून सावरते तेवढे गमावणे तिला परवडत नाही. म्हणूनच चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या निदान १८० दिवस व प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस घ्यावयास सांगतात. ह्या गोळ्यांनी शौच काळे होते, कधी मळमळते. त्याने घाबरून त्या कोनाड्यात टाकून देऊ नयेत. चहाबरोबर घेतल्या तर त्यांचा गुण कमी होतो. लिंबू किंवा आवळ्याबरोबर तो वाढतो. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले सुनेने खावयाचे, ही चाल तर निदान ह्या नऊ महिन्यांत मोडलीच पाहिजे. नाचणी, पालेभाजी, उसळी, अंडी, मासळी हे सारे आपल्या बाजारात मिळते. प्रश्न पुष्कळदा पैशाचा नसतो. पहिले ताट कोणाचे, हा असतो.

आता आपल्याच जिल्ह्यात घडलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. आपल्या गावांतून मात्र क्वचितच कोणाला माहीत असते. प्रसूतीनंतर वार पडताना गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही तर रक्ताची धार लागते. बाळंतिणींच्या मृत्यूचे हे एक सर्वांत मोठे कारण आहे. तो स्राव थांबविणारी नेहमीची औषधे सुईने द्यावी लागतात व थंड जागी ठेवावी लागतात. खेड्यातील घरी हे कसे जमावे? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ ह्या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत ह्या प्रश्नाचे उत्तर शोधले. १,६२० स्त्रियांनी त्यात भाग घेतला. त्यांची प्रसूती गावातील परिचारिकांनी केली. अर्ध्या स्त्रियांना मूल जन्मताच मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या तोंडाने दिल्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या दिल्या. औषध न मिळालेल्या शंभर स्त्रियांपैकी १२ जणींना अतिरिक्त रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ वर आले. म्हणजे दर १८ स्त्रियांमागे एकीचे संकट टळले. हा निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी ह्या औषधास आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

ह्या गोळ्या कोणी परस्पर दुकानातून आणून देऊ नयेत. प्रसूतीपूर्वी चुकीच्या वेळी त्या दिल्या तर माता व मूल दोघांच्याही जिवास धोका होतो. आम्ही ही गोष्ट सांगितली ती दोन कारणांसाठी. एक तर, ज्या १,६२० स्त्रियांनी ह्या प्रयोगास संमती दिली त्या आपल्यासारख्याच खेड्यांतील होत्या, आणि त्यांच्यामुळे दूरदेशीच्या अनोळखी मातांचेही प्राण वाचण्यास साह्य झाले. ह्याचा आपल्याला अभिमान वाटावा. दुसरे असे की, गावची परिचारिका हुशार असली व योग्य वेळी जवळ असली तर किती मोठे काम होते, हे त्यावरून कळते. ती जवळ असावी म्हणून तिला वेळेवर बोलावणारे माणूस घरात हवे.

कर्नाटकात २००४ ते २००६ ह्या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २१३ मातांचा मृत्यू होत असे. २०१८ ते २०२० ह्या काळात तो आकडा ६९ वर आला. साऱ्या देशाचा आकडा ह्याच अवधीत २५४ वरून ९७ वर उतरला. हे यश लहान नाही. परंतु उरलेल्या मृत्यूंपैकी पुष्कळ टाळता येण्याजोगे असतात, आणि तेथे बहुधा उशीर आडवा येतो. जावे की न जावे हे ठरविण्यात उशीर, गाडी मिळण्यात उशीर, दवाखान्यात पोहोचल्यावर रक्त मिळण्यात उशीर. ह्यांतील पहिले दोन उशीर घराच्या हातांतील आहेत, आणि तिसराही थोडाबहुत.

म्हणून ही लक्षणे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने पाठ करावीत: अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर सूज, झटके, मोठा ताप, कळांपूर्वीच पाणमोट फुटणे, बाळाची हालचाल मंदावणे. ह्यांपैकी एकही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, सासऱ्यांची संमती येण्याचीही पाहू नये. सीमेच्या दोन्ही बाजूंस १०८ ह्या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. सरकारी दवाखान्यात प्रसूती, आवश्यक तर शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व नेण्याआणण्याची सोय २०११ च्या योजनेपासून विनामूल्य आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची विनामूल्य डॉक्टरी तपासणीही होते.

सीमाभागातील आपल्या कुटुंबांस आणखी एक सूचना. उचगावची लेक चंदगडकडे दिलेली असते, तिकडची सून इकडे आलेली असते. पहिल्या खेपेस ती राज्याची हद्द ओलांडून माहेरी जाते. मग तिकडच्या दवाखान्यात इकडचे कार्ड राहून जाते, रक्ताचे कागद कपाटात सापडत नाहीत, आणि कानडीतील नोंद तिकडे, मराठीतील नोंद इकडे कोणास वाचता येत नाही. ह्यावर उपाय सोपा आहे. सारे कागद एका पिशवीत ठेवावेत. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, घेतलेली इंजेक्शने व प्रसूतीची अपेक्षित तारीख एका वहीत स्वच्छ अंकांत लिहावी. ती पिशवी मुलीबरोबर जावी. माहेरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तेथील आशा कार्यकर्तीला कळवून नाव नोंदवावे.

मूल घरी आल्यावर

मूल जन्मले की आपण सुटलो असे आपल्याला वाटते. वस्तुतः पहिला महिना हाच बाळाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ असतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षाअखेर नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांनी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जावे असे ठरले. आशाताई दारी आली म्हणजे “बाळ झोपले आहे” म्हणून तिला बाहेरूनच परत पाठवू नये.

आपल्या चालींतील चांगले ठेवावे व अपायकारक सोडावे, हा येथेही नियम. विसावा, मालिश, डिंक, अळीव, बाजरीची भाकरी हे ठेवावे. पहिले घट्ट पिवळसर दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकण्याची चाल मात्र सोडावी; ते बाळाला रोगांपासून वाचविते. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून मध, गूळपाणी, घुटी असे काहीही देऊ नये. नाळेवर राख, हळद, तेल लावू नये. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घालावे, ह्याहून चांगली ऊब नाही. दारेखिडक्या बंद करून खोलीत शेगडीचा धूर कोंडणे, बाळंतिणीला पाणी व भाजी तोडणे, ह्या गोष्टी तर तत्काळ बंद व्हाव्यात.

जे दिसत नाही ते दुखणे

एका दुखण्याविषयी आपल्या गावांत मोकळेपणाने बोलले जात नाही. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत कारणावाचून रडू येणे हे पुष्कळ स्त्रियांना होते व दोन आठवड्यांत ओसरते. परंतु काही जणींचे मन त्यानंतरही उठत नाही. झोप येत नाही, बाळाला घ्यावेसे वाटत नाही, आपण वाईट आई आहोत असे वाटत राहते, कधी जिवाचे बरेवाईट करण्याचा विचारही येतो. मग कोणी म्हणते बाहेरचे लागले, कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि कोणी म्हणते सून कामचुकार आहे.

शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा अभ्यास केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या शंभर मातांपैकी २३ जणींना हे मनाचे दुखणे होते. त्यांतील बहुतेकींच्या मनाची पीडा गरोदरपणातच सुरू झालेली होती, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारी होत्या. गरिबी, पतीकडून होणारा छळ, आणि मुलगा हवा असता मुलगी होणे, ही त्यामागची कारणे त्यांना आढळली.

ह्यांतील शेवटची दोन कारणे दारिद्र्याने आलेली नाहीत. ती आपण घरात स्वतः निर्माण केलेली आहेत. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते. त्यासाठी मातेला बोल लावणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही. स्नानसंस्काराच्या वेळी देवाच्या मंदिरात मुलगा व मुलगी ह्यांत काही भेद केला जात नाही. मग घरी परतल्यावर तो कोठून येतो? पेढे व बर्फी ह्यांतील निवड एवढ्यापुरताच तो असता तर आम्ही गप्प बसलो असतो. परंतु तो बाळंतिणीच्या ताटापर्यंत व तिच्या मनापर्यंत पोहोचतो, म्हणून बोलावे लागते. आणि जो पती दारू पिऊन अशा दिवसांत बायकोवर हात उगारतो, त्याच्याविषयी तर घरातील वडील माणसांनी डोळेझाक करणे हेही पापच होय.

ह्या दुखण्याला उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे दोष न देता ऐकून घेणे. त्याच गोव्यात पुढे शेजारपाजारच्याच सामान्य स्त्रियांना शिकवून, त्यांनी अशा मातांच्या घरी जाऊन धीर द्यावा, असा उपक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांनंतरही मन उठले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून अशा मनाच्या दुखण्यासाठी विनामूल्य आहे. प्रार्थना अवश्य करावी. परंतु पाय मोडला असता आपण प्रार्थनाही करतो व हाड बसवूनही घेतो, तद्वत येथेही करावे.

पतीचा वाटा

“बाळंतपणात पुरुषाचे काय काम?” असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. बेथलेहेमात संत योसेफाने काय केले ते आठवावे. प्रसूती त्याने केली नाही. परंतु दारोदार फिरून जागा शोधली ती त्याने, आणि पुढे संकट येताच रात्री उठून मायलेकरांना घेऊन निघाला तोही तोच. आजच्या पतीपुढेही असेच साधे काम आहे. तपासणीला निदान दोनदा तरी बायकोबरोबर जावे व डॉक्टरांचे बोलणे स्वतः ऐकावे. आठव्या महिन्यापूर्वी थोडे पैसे बाजूला काढावेत; त्यांना इतर कशासाठी हात लावू नये. गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवावे, व तो नसल्यास दुसरा कोण हेही. रक्त द्यावयाची वेळ आली तर आपण व आपले दोन मित्र तयार असावेत. बायको माहेरी असली तर आठवड्यातून एकदा तरी जावे, आणि पाहुण्यासारखे ओसरीवर न बसता बाळाला हातांत घ्यावे. लंगोट धुण्याने कोणाचे पौरुष कमी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. रात्री बाळ रडले तर पाजून झाल्यावर त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, हे काम बापाचे. तेवढ्यात आईला तासभर झोप मिळते, आणि त्या दिवसांत तासभर झोपेचे मोल औषधासारखे असते. शिवाय ज्या बापाने बाळाला पहिल्या महिन्यात छातीशी धरले, त्याला पुढे मुलाशी बोलावे कसे हे शोधावे लागत नाही.

सासूबाईंनाही एक विनंती आहे. आपल्या वेळी आपल्याला जे मिळाले नाही ते सुनेला मिळाले म्हणून मनात खंत धरू नये. मुलगा बायकोसाठी पाणी तापवू लागला तर त्याला हसू नये. त्या एका हसण्याने पुष्कळ मुलांचे हात मागे येतात.

विवाहापूर्वी तरुणतरुणींची तयारी करून घेण्याची पद्धत ख्रिस्तसभेत आता रूढ झाली आहे. तशीच तयारी पहिल्या मुलापूर्वीही व्हावी असे आम्हांस वाटते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. धर्मग्रामातील चारपाच गरोदर स्त्रिया, त्यांचे पती व एखादी सासू महिन्यातून एका सायंकाळी एकत्र जमाव्यात. नर्सबाईंनी वा आशाताईंनी तासभर बोलावे. दोन अनुभवी मातांनी आपले अनुभव सांगावेत. प्रत्येक वाडीत एक अशी शहाणी, शांत स्वभावाची स्त्री ठरलेली असावी की जी वेळ येताच सोबतीण म्हणून दवाखान्यात जाईल. गावात अशा स्त्रिया असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते, एवढेच.

ज्या घरांत ह्या क्षणी कोणी गरोदर आहे, त्यांनी आज रात्रीच्या जेवणानंतर चार प्रश्नांची उत्तरे एकत्र बसून वहीत लिहावीत. तिचा रक्तगट कोणता व हिमोग्लोबिन किती? अवेळी गाडी कोणाची? दवाखान्यात सोबत कोण? आणि घरी आल्यावर रात्री बाळाला घेऊन कोण जागणार? उत्तर पतीच्या हस्ताक्षरात असावे. वही प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी, सर्वांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावी.